बरे झाल्यानंतरची फाइल

चंदीगडच्या पीजीआयमधील प्रगत बालरोग केंद्रापुढे सकाळी थोडा वेळ उभे राहिले, तरी पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि जम्मू अशा चारही मुलखांच्या बोली कानांवर पडतात. कडेवर डोक्याचे केस गेलेले मूल आणि हातात कागदांची पिशवी घेतलेले हे आईबाप एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत आलेले असतात: मूल वाचेल का? तो प्रश्न सुटल्यानंतर जे सुरू होते, त्याविषयी आपल्या धोरणकर्त्यांनी फारसा विचार केलेला दिसत नाही.

बालकर्करोगावर औषधाने मात करण्याचा इतिहास जेमतेम पाऊणशे वर्षांचा आहे. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या १६ मुलांना ॲमिनोप्टेरिन दिले आणि त्यांपैकी १० मुलांमध्ये आजार तात्पुरता ओसरला. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तिचे प्रमुख भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना अजून जागा मिळायची आहे, पण तो वेगळा विषय. आज श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले या आजारातून वाचतात. २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवले.

मात्र जे औषध जीव वाचवते, तेच शरीरावर खुणाही ठेवते. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांची एकूण मात्रा वाढली की हृदयाचे स्नायू दुबळे होण्याचा धोका वाढतो, आणि तो कधीकधी दहा-वीस वर्षांनी प्रकट होतो. सिस्प्लॅटिनमुळे ऐकू कमी येते, मेंदूवरील किरणोपचारांमुळे उंची आणि अभ्यास दोन्ही मागे पडू शकतात. काही औषधे अपत्यप्राप्तीची शक्यता हिरावतात. छातीवर किरणोपचार झालेल्या मुलींची स्तनतपासणी तर ऐन पंचविशीत सुरू करावी लागते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने हे लवकर ओळखले. १९९१ मध्ये तेथे डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र चिकित्सालय सुरू झाले. पुढे या बऱ्या झालेल्या मुलांचाच 'उगम' हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने उभा राहिला. टाटा स्मारक केंद्राचेच ३०० खाटांचे रुग्णालय ऑगस्ट २०२२ पासून चंदीगडला लागून असलेल्या मुल्लांपूर येथे उभे आहे. म्हणजे उत्तरेत इमारत आहे, अनुभवही घरचाच आहे.

नाही ती तरतूद. आयुष्मान भारत योजनेचे ५ लाखांचे छत्र मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. दरवर्षी हृदयाची सोनोग्राफी करून घरी परतणारा तरुण त्यात सहसा बसत नाही. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम कर्करोगाची चाचणी तिशीपुढील लोकांत करतो. शाळा-अंगणवाड्यांतील मुलांना तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ व्या वर्षी थांबतो. या मुलांचे वय मध्येच कुठेतरी निसटते. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा करून, ठरावीक वर्षे निरोगी राहिलेल्यांना विम्याच्या अर्जात जुना कर्करोग न सांगण्याचा हक्क दिला. आपल्याकडे असा हक्क नाही, आणि सत्य सांगणाऱ्याचे नुकसान होते.

सेवेत असताना असे एक प्रकरण माझ्या टेबलावर आले होते. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवलेल्या एका उमेदवाराने, सातव्या वर्षी आपल्याला रक्ताचा कर्करोग झाला होता, असे वैद्यकीय अर्जात स्वतःहून लिहिले होते. चौदा वर्षे तो ठणठणीत होता. तरीही 'तूर्त अपात्र' असा शेरा पडला. भेटीला आला तेव्हा त्याने एवढेच विचारले, "साहेब, लिहिलं नसतं तर?" मी फेरतपासणीचा प्रस्ताव पाठवला. उत्तर येण्यापूर्वी माझी बदली झाली, आणि पुढे काय झाले याची मी चौकशी केली नाही, हेही नमूद करायला हवे.

त्याने जोडलेली कागदपत्रे मात्र स्मरणात आहेत. रुग्णालयातून सोडतानाच्या पत्रकाची पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली प्रत होती. तीत औषधांची नावे होती. कोणते औषध एकूण किती दिले, तो रकाना कोरा होता.