सांडपाणी पुन्हा नळाला

नामिबियाची राजधानी विंडहोक. वर्षाला पाऊस जेमतेम ३६० मिलिमीटर, बाष्पीभवन त्याच्या कितीतरी पट आणि बारमाही नद्या पार देशाच्या सीमांवर, शेकडो किलोमीटर लांब. शेवटी १९६८ साली या शहराने सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्यासाठी वापरायला घेतले. जगात असा प्रयोग पहिलाच.

२००२ पासून चालू असलेल्या गोरेआंगाबच्या नव्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला २ कोटी १० लाख लिटर आहे. कारखान्यांचे सांडपाणी मुळातच वेगळे काढले जाते. इथे येते ते मुख्यतः घरगुती. आधी गाळ वेगळा करतात. मग ओझोन सेंद्रिय घटक तोडतो, सक्रिय कोळसा उरलेसुरले शोषून घेतो, अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांवर जंतू अडतात आणि सगळ्यात शेवटी क्लोरीन.

तयार पाणी धरणांच्या आणि विहिरींच्या पाण्यात मिसळूनच घरोघरी पोहोचते.