बाळाची वाकडी पावले : काळजी केव्हा, उपचार केव्हा?

बाळ पहिले पाऊल टाकते तो दिवस साऱ्या घराच्या आनंदाचा असतो. परंतु त्याचे पाय बाकदार दिसू लागले की, आईवडिलांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. कुणी मालिशला दोष देतो, कुणी खास बूट आणण्यास सुचवतो. वास्तविक वाढत्या वयात पायांचा आकार बदलणे हा निसर्गक्रम आहे. तो ठाऊक असला, तर अनाठायी चिंता टळते आणि ज्या थोड्या बालकांना उपचारांची खरी गरज असते, त्यांचा मोलाचा वेळ वाया जात नाही.

गर्भाशयातील अपुऱ्या जागेत बाळ पाय दुमडून असते. त्यामुळे नवजात बाळाचे घोटे जुळवले तरी गुडघ्यांत अंतर राहते. हा बाक साधारणतः दीड ते दोन वर्षांत नाहीसा होतो. पुढे नेमके उलट घडते. गुडघे एकमेकांना टेकतात व घोटे दूर राहतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हे सर्वाधिक जाणवते आणि सात-आठ वर्षांपर्यंत पाय बहुधा सरळ होतात. फिनलंडमधील सालेनियस व वांका या डॉक्टरांनी १९७५ साली हा क्रम मोजमापांसह मांडला.

लहान मुलांचे तळपाय सपाट दिसतात, कारण तेथे चरबीची गादी असते व सांधे सैल असतात. मूल चवड्यांवर उभे राहिल्यावर तळव्याची कमान दिसली आणि वेदना नसली, तर चिंतेचे कारण नसते. खास बुटांनी कमान तयार होत नाही. उलट, भारतातील २,३०० मुलांच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, बूट-चपला घालणाऱ्यांमध्ये सपाट पायांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांमध्ये २.८ टक्के आढळले. पावले आत वळवून चालण्याची लकबही बहुतेक मुलांत आठ-दहा वर्षांपर्यंत आपोआप कमी होते.

मात्र जन्मतःच पाऊल आत व खाली वळलेले असेल आणि हाताने सहज सरळ होत नसेल, तर वाट पाहू नये. यास ‘क्लबफूट’ म्हणतात. सुमारे हजार बाळांमागे एकास हा दोष असतो. ग्रहण किंवा गरोदरपणातील आईची एखादी चूक यांच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी (१९१४–२००९) यांनी अमेरिकेतील आयोवा येथे विकसित केलेली उपचारपद्धती आज जगभर वापरली जाते. तीत पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू करून दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू वळवतात. बहुधा पाच-सहा प्लास्टर पुरतात. अनेकदा टाचेमागची ताठर शीर छोट्या छेदाने सैल करावी लागते. त्यानंतर दांडीने जोडलेले बूट तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत झोपेत घालावे लागतात. पाऊल सरळ दिसू लागले म्हणून अनेक पालक हे बूट मध्येच सोडतात आणि दोष पुन्हा उद्भवतो. खरी कसोटी आईवडिलांच्या चिकाटीची असते!

‘ड’ जीवनसत्त्व किंवा कॅल्शियमच्या अभावाने होणाऱ्या मुडदूस या विकारातही पाय वाकतात. मनगटे जाड दिसणे व वाढ खुंटणे ही त्याची अन्य लक्षणे होत.

पुढील बाबी आढळल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना अवश्य भेटावे :

• एकाच पायात वाकडेपणा किंवा दोन्ही पायांच्या लांबीत फरक
• दोन वर्षांनंतरही वाढत जाणारा बाक
• वेदना, लंगडणे किंवा ताठर सपाट पाऊल
• दीड वर्षाचे होऊनही न चालणे

शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) क्लबफूटचा समावेश असून तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. पैशांअभावी कोणत्याही बाळाचे पाऊल वाकडे राहण्याचे कारण नाही. नात्यात वा शेजारी असे बाळ असेल, तर त्याच्या आईवडिलांना ही माहिती आजच सांगावी.