बाँडचा नेम गेमच धरतो, मग आपण करायचं काय?

बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळणाऱ्याच्या हातात २००५ चा 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' द्या. पाच मिनिटांत तक्रार येईल, "अरे, हा तर स्वतःच नेम धरतोय!" तक्रार खरी आहे. पण तेवढ्यावर गेम बंद केलात तर खरी गंमत हुकेल.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा हा थर्ड पर्सन शूटर १९६३ च्या बाँडपटावर बेतलेला आहे. आवाज खुद्द शॉन कॉनरीचा. सत्तरी उलटल्यावर त्याने गेमसाठी नव्याने संवाद रेकॉर्ड केले. माझ्या मते तेवढ्यासाठीसुद्धा हा गेम खेळावा.

आता नेमाकडे येऊ. कॅमेरा बाँडच्या पाठीमागे असल्यामुळे तुमची नजर आणि बंदुकीची नळी एका रेषेत नसतात. त्यात पळायचं, वळायचं, नेम धरायचा, आणि हे सगळं दोन अंगठ्यांनी! म्हणून लॉक-ऑन. बटण दाबलं की बाँड एका शत्रूला धरून ठेवतो. अशा गेममध्ये कोड साधारणपणे दोन गोष्टी तपासतो: कॅमेऱ्याच्या दिशेपासून शत्रू किती अंशांवर आहे आणि किती लांब आहे. (कॉलेजात "हे कुठे वापरणार?" म्हणत पाठ केलेलं डॉट प्रॉडक्ट इथे कामाला येतं.) त्यामुळे लॉक चुकीच्या माणसावर बसत असेल तर बटण बडवत बसू नका. आधी कॅमेरा हव्या त्या शत्रूकडे वळवा, मग लॉक करा.

लॉक बसल्यावर बरेच जण ट्रिगर दाबूनच ठेवतात. गोळ्या संपतात, शत्रू उभाच. इथे 'बाँड फोकस' वापरायचा. त्याने लॉक केलेल्या शत्रूवर झूम होतं आणि शरीराचे, कपड्यांचे नेमके भाग टिपता येतात. कमरेला ग्रेनेड दिसला? त्यावर गोळी घाला, आजूबाजूचेही उडतील. रेडिओ दिसला तर तो आधी फोडा, म्हणजे तो जादा माणसं बोलावू शकणार नाही. म्हणजे 'कोणावर' हे लॉक ठरवतो, 'कुठे आणि कधी' हे तुम्ही. पण झूम करताना आडोसा सोडू नका. तुम्ही एकाकडे बघत असता, बाकीचे तुमच्याकडे.

मिळवायचा कुठून? पीएस टू, एक्सबॉक्स, गेमक्यूब किंवा पीएसपीची जुनी डिस्क शोधा. २००६ मध्ये बाँड गेमचे हक्क ॲक्टिव्हिजनकडे गेले, त्यामुळे नवी प्रत मिळण्याची आशा धरू नका. आणि कुणी याच गेमचा एपीके 'फुकट डाउनलोड' म्हणून देत असेल तर हात लावू नका. २००५ मध्ये अँड्रॉइड फोन बाजारातच आले नव्हते.