पुण्याच्या मार्केट यार्डातून पाणपक्ष्यांकडे

कुठे : सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडल्यावर मुळा-मुठेकाठी कवडीपाट, त्याच रस्त्याने पुढे, पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर, उजनी जलाशयाकाठचे भिगवण.

केव्हा : नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडता उजाडता.

काय दिसते : कवडीला चक्रवाक, नदी सुरय, लालसर काटकुळ्या पायांचा शेकाट्या. भिगवणला चित्रबलाक आणि चोच उलटी धरून पाणी गाळणारा रोहित. चक्रवाक विणीसाठी लडाख-तिबेटकडे परततात.

फोटो : सूर्य पाठीशी, कॅमेरा पाण्यालगत, फोकस डोळ्यावर. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद.

पथ्ये : कवडीच्या पाण्यात शहराचे सांडपाणी असते, उतरू नका. भिगवणला होडीतून जाताना फोटोसाठी थवा उठवायला नावाड्याला सांगू नका. बसलेला पक्षी चरत किंवा विसावा घेत असतो.