काळ्या कातळाचा मुलूख

सह्याद्रीच्या कोणत्याही घाटातून जाताना कड्यांवर एकावर एक रचलेले जे आडवे थर दिसतात, ते सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या दीर्घ भेगांतून पुनःपुन्हा उसळून दूरवर पसरलेल्या लाव्हारसाचे थर होत. आज सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटरांचा प्रदेश त्यांनी व्यापलेला असून पश्चिमेस त्यांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते. अशा मुलखात सरोवर, गुहा आणि उष्णोदकाचे झरे दृष्टीस पडले म्हणजे प्रवासी ते सारे ज्वालामुखीच्या खाती जमा करून मोकळा होतो. वस्तुतः या तिहींपैकी एकाचेही जनकत्व त्याच्याकडे जात नाही, आणि तरीही त्या काळ्या पाषाणावाचून तिहींना आजचे रूप लाभले नसते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचेच पाहा. पावणेदोन किलोमीटरांहून अधिक व्यासाचे ते वर्तुळाकार विवर, त्याच्या तळाशी साठलेले हिरवट, खारे पाणी आणि काठचे गर्द रान पाहून लवणासुराची कथा रचणाऱ्या पूर्वजांना येथे काही विलक्षण घडले असावे अशी जाणीव खचित झाली होती. 1823 साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली, आणि पुढे दीर्घकाळ अनेक विद्वान यास निवालेल्या ज्वालामुखीचे मुखच समजत राहिले. तळाखालच्या विंधनांतून निघालेल्या खडकात प्रचंड आघाताने काचेत रूपांतर पावलेले स्फटिक आढळले, तेव्हा 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निर्णायक खुलासा केला: हे अशनिपाताचे विवर आहे, कारण तसा दाब ज्वालामुखीच्या अंगी नसतो. आघाताच्या काळाविषयी मात्र एकमत नाही. एक पद्धती सुमारे 52 हजार वर्षे सांगते, तर दुसरी 5 लक्ष 70 हजार. चंद्राच्या पृष्ठभागाचा काही भागही याच जातीच्या खडकाचा असल्यामुळे तेथील विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारचे दाखले घेतात, ही गोष्ट मला अत्यंत अभिमानाची वाटते. लोणारच्या विवरात आलेल्या पाण्याला बाहेर जाण्यास वाट नाही; ते उन्हाने आटते आणि क्षार मागे उरतात. 2020 च्या जूनमध्ये हा खारटपणा वाढून क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावले आणि सारे सरोवर गुलाबी झाले.

लेण्यांचा प्रकार निराळा. अजिंठा आणि वेरूळ येथील पोकळ्या मानवी हातांनी कोरल्या. परंतु विस्तीर्ण छत तोलून धरील असा घट्ट, जाड आणि सलग थर शिल्पकारांना या लाव्हारसानेच दिला, आणि म्हणूनच वेरूळचे कैलास लेणे शिखरापासून पायाकडे एकसंध खडकात उतरवता आले. त्याच कातळाच्या सांध्यांतून पावसाचे पाणी झिरपते, हे अजिंठ्याच्या चित्रांचे दुर्दैव होय.

तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, तुरळ व राजवाडी ही उष्णोदकाच्या कुंडांतील स्नानाची जुनी क्षेत्रे. 1739 च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केल्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. या कुंडांखाली लाव्हारस धुमसत असल्याची समजूत मात्र सोडून द्यावी. पावसाचे पाणी याच कातळाच्या भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते, इतकेच.

ज्यांना सवड थोडी आहे त्यांनी प्रथम लोणार गाठावे. काळ्या कातळावर पडलेले इतके सुस्थितीतील आघातविवर पृथ्वीवर दुसरे नाही.