टाकाऊ भागांतून आडवी सायकल

पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवावयाची सायकलही असते, याची कल्पना पुष्कळांना नसते. फ्रान्समधील शार्ल मोशे यांनी तयार केलेल्या अशा सायकलीवरून फ्रान्सिस फोर यांनी ७ जुलै १९३३ रोजी पॅरिस येथे एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले व १९१४ पासून अबाधित असलेला विक्रम मोडला. पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने नियम बदलून या प्रकारास शर्यतींतून वगळले. त्यामुळे तिचा प्रसार खुंटला. वस्तुतः तिचा गुण साधा आहे. वेग वाढला की स्वाराची बहुतेक शक्ती वाऱ्याचा रोध सारण्यात खर्च होते. शरीर आडवे असल्यास वाऱ्यास सामोरा येणारा भाग कमी होतो.

अशी सायकल जुन्या सुट्या भागांतून घरच्या घरी तयार करता येते. मोठ्या सायकलीच्या चौकटीचा मागील भाग व चाक, लहान मुलांच्या सायकलीचा पुढील फोर्क व वीस इंची चाक आणि या दोहोंना जोडणारा जाड पोलादी नळ, ही तिची मुख्य सामग्री होय. पॅडलचा आस पुढील चाकाच्या किंचित मागे येतो. बैठक चौकटीस नवार विणून करावी. पॅडल दूरच्या टोकास असता गुडघा किंचित वाकलेला राहील, इतके अंतर ठेवावे. साखळीची लांबी नेहमीच्या दुपटीहून अधिक लागते. म्हणून दोन-तीन साखळ्या जोडून घ्याव्यात व परतीचा पदर लोंबू नये यासाठी मध्ये कप्पी बसवावी.

भंगारातून काय घ्यावे, यापेक्षा काय घेऊ नये, हे अधिक महत्त्वाचे आहे. नव्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात; पाव इंचाचा निम्मा भागही वाढला असल्यास ती साखळी टाकून द्यावी. एकदा वाकून सरळ केलेला फोर्क किंवा आतून गंजलेला नळ वापरू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या नळावर वेल्डिंग करताना निघणारा धूर ताप आणतो. असा नळ टाळावा. फोर्क ज्या नळीत फिरतो, तिचा जोड कुशल कारागिराकडूनच करून घ्यावा. तो सुटल्यास स्वार पाय पुढे असलेल्या स्थितीतच रस्त्यावर आपटतो, त्याला सावरण्यास अवधी मिळत नाही. दोन्ही चाकांस स्वतंत्र ब्रेक असावेत व त्यांचे रबर नवे घ्यावे.

या सायकलीवर उभे राहून जोर देता येत नाही. चढावर ती मंद चालते. तोल सांभाळण्याचा सराव प्रथम मोकळ्या मैदानावर करावा. बैठक बुटकी असल्याने ट्रकचालकास स्वार सहज दिसत नाही. म्हणून मागे उंच काठीवर रंगीत निशाण व दांड्यास आरसा लावावा. जुन्या भागांमुळे वाचणारा पैसा जोडकाम व ब्रेक यांवर खर्च करावयाचा आहे, हे ध्यानी ठेवूनच काम हाती घ्यावे.