‘युद्ध नको’ म्हणणं गुन्हा का ठरतं?

बार्शीटाकळीत मी इतिहास शिकवतो. वैयक्तिक सत्याग्रहाचा विषय निघाला की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो, “सर, नुसतं भाषणच तं केलं होतं, मंग जेलात काऊन टाकलं?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आपल्या विदर्भातच आहे.

3 सप्टेंबर 1939 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढलं. 17 ऑक्टोबर 1940 ला विनोबा भावे पवनारला उभे राहिले. या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, एवढंच ते सांगत होते. 21 तारखेला त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा लागली. सरकारला त्याहून मोठी धास्ती छापील शब्दाची होती. विनोबांच्या सत्याग्रहाचा मजकूर दिल्लीला दाखवल्याशिवाय छापू नये, अशी सूचना ‘हरिजन’ला आली. असल्या अटीवर छापण्यापेक्षा गांधीजींनी ‘हरिजन’, ‘हरिजनसेवक’ आणि ‘हरिजनबंधू’ ही तिन्ही साप्ताहिकं बंद ठेवली. ती पुन्हा निघाली जानेवारी 1942 मध्ये.

त्या वेळी खुद्द इंग्लंडात, विवेकाला पटत नाही म्हणून लढायला नकार देण्याची कायद्यात सोय होती. तेवढीच मोकळीक गांधीजींनी इथे मागितली. व्हाइसरॉयच्या उत्तराचा आशय असा होता : तुमचं मत तुम्ही बाळगा, पण सैनिकाला किंवा दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगाराला त्याच्या कामापासून परावृत्त करू देणार नाही. बंदीचं सगळं मर्म या उत्तरात आहे. एकट्याच्या मताची सत्तेला भीती नसते. ते मत ज्या घरातून पोरगा भरतीला जायचा त्या घरात पोचलं, तर मात्र युद्धच अडतं. आणि ज्या सत्तेनं लोकांना विचारलेलंच नाही, तिच्याकडे त्या घराला द्यायला उत्तर नसतं.

एरिक मारिया रेमार्कची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही कादंबरी कुठल्या पक्षाचा प्रचार करत नाही. मास्तरांच्या भाषणांनी भारावून एक वर्ग सैन्यात जातो आणि खंदकांत मरतो, एवढंच ती सांगते. 10 मे 1933 ला नाझींनी ती जाळली, कारण मरणाला गौरव म्हणायचं असेल तर ते कसं येतं हे लपवावंच लागतं. मी शिक्षक आहे, म्हणून त्या मास्तरांचं पात्र मला फार जड जातं. जपानमध्ये 1938 साली इशिकावा तात्सुझो यांनी चीनमधल्या जपानी सैनिकांचं वागणं कादंबरीत लिहिलं. ती छापणाऱ्या मासिकाच्या अंकावर बंदी आली आणि लेखकाला शिक्षा झाली. रशियात चित्रकार साशा स्कोचिलेन्को यांनी 2022 मध्ये दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठ्यांच्या जागी युक्रेन युद्धाविषयीच्या चिठ्ठ्या लावल्या. त्यासाठी 2023 मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

लोकशाही देशही यातून सुटलेले नाहीत. युद्धविरोधी भाषणासाठी अमेरिकेनं 1918 मध्ये युजीन डेब्स यांना दहा वर्षांची शिक्षा दिली. पण 1920 ची अध्यक्षीय निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली, लाखो मतं घेतली आणि पुढच्याच वर्षी ते सुटले. लोकांना विचारावं लागतं तिथे चूक सुधारायला वाट राहते.

म्हणून वाचकहो, युद्धाच्या घोषणा वाढू लागल्या की वाचनालयाच्या कपाटाकडे लक्ष ठेवा. तिथून जे पुस्तक काढायला सांगतील, ते आधी वाचा आणि आपल्या पोरांनाही वाचायला द्या.